हिमोफिलियाच्या घरात फॅक्टर: हिशोब, टोचणं आणि नोंद

हिमोफिलियात रक्त गोठवणारं एक प्रथिन, म्हणजे फॅक्टर, जन्मापासून कमी असतं आणि ते शिरेतून द्यावं लागतं. गुडघा टम्म सुजला की फॅक्टर द्यायचा, अशीच बऱ्याच घरांत पद्धत आहे. पण सूज डोळ्यांना दिसते तोवर सांध्यात रक्त भरून झालेलं असतं. त्याआधी तास-दोन तास मुलगा सांगत असतो: मुंग्या येतायत, आत गरम लागतंय, पाय जड वाटतोय. लहान मूल सांगत नाही, ते त्या पायावर भार टाकायचं थांबवतं. फॅक्टर द्यायची वेळ तीच, शक्यतो दोन तासांच्या आत. लवकर दिलेली एक व्हायल (फॅक्टरच्या पुडीची छोटी बाटली) जे काम करते, त्यासाठी दुसऱ्या दिवशी तीन-चार व्हायल लागतात, आणि सांध्याच्या अस्तराचं झालेलं नुकसान तरीही भरून येत नाही.

म्हणून पुढची सगळी माहिती रात्री अकरा वाजता घरातल्या घरात, न घाबरता, योग्य डोस योग्य रीतीने देता यावा यासाठी आहे. अट एकच. टोचायला हिमोफिलिया उपचार केंद्रातल्या सिस्टरच्या नजरेखाली शिकायचं आणि डोस डॉक्टरांकडून लिहून घ्यायचा. वाचून शीर सापडत नाही.

आधी रिपोर्ट नीट वाचा

फाइलमध्ये दोन गोष्टी ठळक हव्यात: कोणता फॅक्टर कमी आहे आणि किती टक्के आहे. फॅक्टर ८ कमी असेल तर हिमोफिलिया ए, फॅक्टर ९ कमी असेल तर हिमोफिलिया बी. एक टक्क्याहून कमी म्हणजे तीव्र, १ ते ५ मध्यम, ५ ते ४० सौम्य. नुसता ‘एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) वाढलेला’ एवढाच रिपोर्ट असेल तर निदान अर्धवट आहे, कारण त्यावरून ए की बी ते कळत नाही. आणि आठवाल्याला नऊचा फॅक्टर दिला तर काहीच उपयोग नाही. फॅक्टरची पातळी मोजायचं रक्त प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव भाग) किंवा फॅक्टर देण्याआधी काढायचं. आधी प्लाझ्मा चढवून मग नमुना घेतला तर आकडा खोटा चांगला येतो.

मुंबईत यासाठी परळला केईएम रुग्णालय आहे आणि त्याच आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे. आई किंवा बहीण वाहक आहे का, पुढच्या गरोदरपणात गर्भाची तपासणी करता येईल का, याची उत्तरं तिथे मिळतात. बहिणीची तपासणी लग्न ठरेपर्यंत लांबवू नका. वाहक मुलीचा स्वतःचा फॅक्टरही कमी असू शकतो, आणि ते पाळीच्या किंवा दात काढण्याच्या वेळी अंगावर येतं.

मुलीचा फॅक्टर ८ कमी आला तर व्हॉन विलेब्रँड (रक्तस्रावाचा दुसरा एक आजार) तपासल्याशिवाय ‘हिमोफिलिया’ लिहून मोकळं होऊ नये. त्याबद्दल पुढे.

व्हायलमध्ये काय असतं

हजारो रक्तदात्यांचा प्लाझ्मा एकत्र करून त्यातून हवं ते प्रथिन वेगळं काढतात आणि सुकवून पूड करतात. हजारो दात्यांचा म्हटल्यावर संसर्गाची भीती वाटणं साहजिक आहे. १९८०च्या दशकात अशाच फॅक्टरमधून एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी जगभरच्या हिमोफिलियाग्रस्तांपर्यंत पोचला होता. आता दात्यांची तपासणी होते, शिवाय प्लाझ्मावर विषाणू मारण्याच्या पायऱ्या असतात: सॉल्व्हंट-डिटर्जंट, ६० अंशांवर १० तास पाश्चरीकरण, ८० अंशांवर ७२ तास कोरडी उष्णता, बारीक गाळणी. सॉल्व्हंट-डिटर्जंट एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीचं चरबीचं वेष्टन फोडतं. हिपॅटायटिस ए आणि पार्वो बी-१९ यांना असं वेष्टनच नसतं. म्हणून दोन वेगळ्या पद्धती वापरलेला फॅक्टर चांगला. डब्यातल्या पत्रकावर हे छापलेलं असतं, एकदा वाचून ठेवा. हिपॅटायटिस ए आणि बीच्या लशी घ्या आणि वर्षातून एकदा एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तिन्ही विषाणूंची तपासणी करा.

फॅक्टर मिळाला नाही तर क्रायो, म्हणजे गोठवलेल्या प्लाझ्मातून रक्तपेढीत वेगळा काढलेला साका, चढवतात. क्रायोच्या एका पिशवीत फॅक्टर ८ साधारण ८० युनिट असतो, तोही नक्की किती हे कुणी मोजलेलं नसतं. ४०० युनिट हवे असतील तर पाच दात्यांच्या पाच पिशव्या लागतात आणि त्यांवर विषाणू मारण्याची प्रक्रिया सहसा झालेली नसते. जीव वाचवायला दुसरं काही नसेल तर क्रायो घ्यावाच, पण सोय म्हणून नको. क्रायोत फॅक्टर ९ नसतो, त्यामुळे बीच्या रुग्णाला तो देऊन काही होत नाही. त्याला नऊचा फॅक्टर, नाहीच मिळाला तर ताजा गोठवलेला प्लाझ्मा.

प्रयोगशाळेत जनुकतंत्राने बनवलेला रिकॉम्बिनंट फॅक्टर भारी आणि प्लाझ्माचा दुय्यम, असा एक समज आहे. रिकॉम्बिनंटमध्ये माणसाच्या रक्तातून विषाणू येण्याचा प्रश्न मिटतो, हे खरं. पण २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सिपेट अभ्यासात, तीव्र हिमोफिलिया एच्या, आधी क्वचितच किंवा अजिबात उपचार न झालेल्या मुलांमध्ये, प्लाझ्माच्या फॅक्टरवर २६.८ टक्के आणि रिकॉम्बिनंटवर ४४.५ टक्के मुलांत इनहिबिटर, म्हणजे फॅक्टर निकामी करणारी प्रतिपिंडं, तयार झाले. तान्ह्या मुलाला पहिला फॅक्टर कोणता द्यायचा, हे ठरवताना डॉक्टरांशी हा आकडा समोर ठेवून बोला.

डोसचा हिशोब

फॅक्टर ८: किलोमागे १ युनिट दिलं की पातळी २ टक्क्यांनी चढते. म्हणून वजन × हवी असलेली वाढ × ०.५.

फॅक्टर ९: किलोमागे १ युनिटला साधारण १ टक्का. म्हणून वजन × हवी असलेली वाढ.

२० किलोचा मुलगा, गुडघ्यात रक्तस्राव, ४० टक्के पातळी हवी. ए असेल तर २० × ४० × ०.५ = ४०० युनिट. बी असेल तर ८००. व्हायल २५०, ५०० आणि १००० युनिटच्या येतात. ४००चा हिशोब आला तर ५००ची अख्खी द्या, उरलेले १०० फेकू नका. व्हायल एकदा भिजवली की ठेवता येत नाही.

४० टक्केच का? जागतिक हिमोफिलिया महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शिकेत दोन रकाने आहेत. फॅक्टर मुबलक असेल तिथे सांध्यासाठी ४० ते ६० टक्के, तुटवडा असेल तिथे १० ते २०. डोक्यातल्या रक्तस्रावाला हिमोफिलिया एमध्ये ८० ते १००, तुटवड्यातही ५० ते ८०. मांडीच्या सांध्याजवळच्या खोल स्नायूला ८० ते १०० किंवा २० ते ४०. तुमचं केंद्र कोणता रकाना वापरतं ते विचारा आणि फाइलच्या पहिल्या पानावर मुलाच्या सध्याच्या वजनानुसार युनिटमध्ये लिहून घ्या: सांधा इतके, डोकं इतके. वजन दर तीन महिन्यांनी तपासा. बारा किलोचा डोस अठरा किलोच्या मुलाला चालू राहिलेला, ही नेहमी सापडणारी चूक आहे.

आता घड्याळ. फॅक्टर ८ दर ८ ते १२ तासांनी अर्धा होतो, फॅक्टर ९ दर १८ ते २४ तासांनी. वरच्या मुलाला ५०० युनिट दिले की पातळी ५० टक्के. बारा तासांनी २५, चोवीस तासांनी साडेबारा. रक्तस्राव थांबला नसेल तर दुसरा डोस कधी, हे यावरूनच ठरतं: एला १२ ते २४ तासांनी, बीला २४ तासांनी. ‘काल दिला होता की’ हे आठच्या फॅक्टरबाबत काही सांगत नाही.

रक्तस्राव व्हायची वाट न पाहता ठरलेल्या वारी फॅक्टर देणं म्हणजे प्रोफिलॅक्सिस. कमी डोसची पद्धत किलोमागे १० ते १५ युनिट, आठवड्यातून दोन-तीनदा. २० किलोच्या मुलाला २५०ची एक व्हायल म्हणजे किलोमागे साडेबारा. बुधवार-शनिवार दिली तर महिन्याला आठ-नऊ व्हायल. त्याच महिन्यात दोन मोठे रक्तस्राव झाले तर तेवढाच किंवा जास्त माल जातो, वर शाळा बुडते ती वेगळी. चालायला लागलेल्या तीव्र हिमोफिलियाच्या मुलासाठी ही चर्चा सांध्यातल्या पहिल्या रक्तस्रावाआधी व्हायला हवी.

व्हायल भिजवणं

फॅक्टरची पूड आणि पाणी, दोन्ही बाटल्या फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं बाहेर ठेवा. थंड पाण्यात पूड नीट विरघळत नाही आणि थंड औषधाने शीर आखडते. घाई असेल तर मुठीत धरा. गरम पाण्याच्या भांड्यात बुडवू नका, प्रथिन बिघडतं.

साबणाने हात धुवा आणि स्वच्छ कागदावर सामान मांडा. दोन्ही बाटल्यांची प्लास्टिकची टोपणं काढा, रबर स्पिरिटच्या बोळ्याने पुसा आणि वाळू द्या. दोन टोकांच्या सुईचं एक टोक आधी पाण्याच्या बाटलीत घाला. मग ती बाटली उलटी करून दुसरं टोक फॅक्टरच्या बाटलीत. क्रम महत्त्वाचा आहे. फॅक्टरच्या बाटलीत निर्वात पोकळी असते, ती पाणी आपोआप ओढून घेते. सुई आधी तिथे घातली तर हवा शिरते आणि पाणी येत नाही. तसं झालंच तर निर्जंतुक सिरिंजने पाणी काढून दुसऱ्या बाटलीच्या कडेने हळू सोडा.

पाणी गेलं की पाण्याची बाटली सुईसकट काढा आणि फॅक्टरची बाटली तळहातांत धरून गोल गोल फिरवा. हलवायची नाही. खोकल्याच्या औषधासारखी हलवली की फेस येतो, आणि फेसात गेलेला फॅक्टर सिरिंजमध्ये येत नाही. फेस आलाच तर पाच-दहा मिनिटं शांत ठेवा. द्रावण स्वच्छ किंवा किंचित दुधाळ दिसावं. गुठळ्या, तंतू किंवा कण दिसले तर द्यायचं नाही. व्हायल तशीच ठेवून केंद्राला दाखवा, बॅच बदलून मिळते. सगळं ठीक असेल तर डब्यातल्या गाळणीच्या सुईनेच सिरिंजमध्ये ओढा, मग ती सुई टाकून द्या. टोचायला वेगळी सुई. भिजवल्यावर तीन तासांच्या आत संपवायचा, आणि परत फ्रिजमध्ये ठेवायचा नाही.

शीर

यासाठी बटरफ्लाय सुई लागते. औषधाच्या दुकानात ‘स्काल्प व्हेन’ म्हणून मागा. २३ नंबर निळी, २५ नंबर नारिंगी. लहान मुलाला नारिंगी, मोठ्याला निळी. जाड सुईने काम लवकर होतं म्हणून ती वापरू नका. याच शिरा त्याला साठ वर्षं पुरवायच्या आहेत. हाताच्या मागच्या शिरांपासून सुरुवात करा आणि दर वेळी जागा थोडी बदला.

पट्टा बांधा, पण मिनिटापेक्षा जास्त नको. शीर दिसत नसेल तर हात खाली सोडून मूठ उघड-बंद करायला सांगा किंवा गरम पाण्यात पिळलेला टॉवेल ठेवा. पाणी पिऊन ताजातवाना झालेल्या मुलाची शीर पटकन मिळते. सुई तिरकी धरून आत घ्या. नळीत रक्त दिसलं की पंख चिकटपट्टीने लावा आणि पट्टा सोडा, मगच दाबायला सुरुवात करा. पट्टा तसाच ठेवून दाबलं तर दाबामुळे शीर फुटते आणि तिथेच निळं टेंगूळ येतं.

वेग: मोठ्या माणसात मिनिटाला ३ मिलिलिटरपेक्षा जास्त नको, लहान मुलात मिनिटाला १०० युनिटपर्यंत. म्हणजे ५०० युनिटला किमान पाच मिनिटं. टोचलेल्या जागी फुगवटा आला किंवा मुलगा जळजळ म्हणाला तर औषध शिरेबाहेर जातंय. थांबा, सुई काढा, पाच मिनिटं दाबा, दुसरीकडे नवी सुई. नळीत रक्त गोठलं असेल तर जोर लावून ढकलू नका. अंगावर पित्त उठलं, खाज सुटली, छातीत आवळल्यासारखं झालं तर तिथेच थांबवून रुग्णालय गाठा. हिमोफिलिया बीमध्ये हे विशेष लक्षात ठेवा. सुरुवातीचे दहा-वीस डोस रुग्णालयातच द्यायचे, कारण या प्रकारात इनहिबिटर तयार होताना जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते.

सुई काढल्यावर कोरड्या कापसाने पाच मिनिटं दाबा, हात सरळ ठेवून. कोपर दुमडून दाबायची सवय मोडा, शीर त्यात चुरगळते. सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत साठवा आणि भरली की केंद्रात परत द्या. कचऱ्यात गेली तर सफाई कामगाराच्या हातात घुसते.

मग वही काढा. तारीख, वेळ, कोणता सांधा, किती युनिट, बॅच नंबर, किती तासांनी आराम पडला. व्हायलवरचं लेबल सोलून चिकटवलं तर लिहायचा त्रासही वाचतो. एखादी बॅच परत मागवली गेली किंवा फॅक्टर काम करेनासा झाला, तर ही वही म्हणजे एकमेव पुरावा. पुढच्या महिन्याचा माल मागतानाही तीच दाखवायची असते.

फॅक्टर गेला म्हणजे सांधा बरा झाला असं नाही. त्या दिवशी पाय उशीवर, भार नाही, फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दर चार ते सहा तासांनी. दुखणं थांबलं की फिजिओथेरपिस्टने सांगितलेले व्यायाम. मालीश नाही. तेल लावून चोळणं हा आजीचा पहिला उपाय असतो, पण इथे त्याने रक्तस्राव वाढतो.

साठा आणि मुंबई

फॅक्टर २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. दारात नको, सारखं उघडझाप होते. फ्रीझरला चिकटून नको, गोठला की तो वाया गेला. काही व्हायल ठरावीक महिने खोलीच्या तापमानाला चालतात, पण ती मर्यादा बहुधा २५ किंवा ३० अंशांची असते आणि मुंबईतली दुपार ती सहज ओलांडते. एकदा बाहेर काढलेली परत आत ठेवायची नाही, काढल्याची तारीख डब्यावर लिहायची. परळहून कल्याण-विरारपर्यंत लोकलने नेताना थर्मास पिशवी, आत बर्फाची पिशवी, आणि दोहोंमध्ये टॉवेलची घडी. व्हायल थेट बर्फाला टेकली तर गोठू शकते.

घरात किती ठेवायचा? गुडघ्याच्या हिशोबाने नाही, डोक्याच्या हिशोबाने. २० किलोच्या हिमोफिलिया एच्या मुलाला १०० टक्क्यांसाठी १००० युनिट लागतात. तेवढा साठा कायम घरात हवा. पावसाळ्यात विशेष. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर जागच्या जागी थांबलं. तेवढं झालं नाही तरी हिंदमाताला पाणी भरणं आणि रुळ बुडून गाड्या बंद पडणं दरवर्षीचंच. मे अखेरीला केंद्रात जाऊन साठा भरून आणा. हिमोफिलिया २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढून ठेवा, प्रवासात आणि शाळा-कॉलेजात उपयोगी पडतं.

हे घरी संपवायचं नाही

डोक्याला मार लागला, मूल उलट्या करतंय, झोपाळलंय किंवा नुसतीच डोकेदुखी थांबत नाही: पूर्ण डोस आधी, घरातच, आणि मग सीटी स्कॅनसाठी निघा. रिपोर्टची वाट बघत फॅक्टर थांबवणं ही तातडीच्या विभागात होणारी सर्वांत घातक चूक आहे. तिथल्या निवासी डॉक्टरांना फाइलचं पहिलं पान दाखवून ठामपणे सांगा.

मान, जीभ किंवा घशात सूज: श्वासनलिका दबते. पूर्ण डोस आणि रुग्णालय.

जांघेत दुखतंय, पाय सरळ होत नाही, मूल कंबरेत वाकून चालतंय: हा मांडी उचलणाऱ्या खोल स्नायूतला रक्तस्राव असू शकतो. उजव्या बाजूला असेल तर अपेंडिक्स समजून शस्त्रक्रियेची तयारी होते. फॅक्टर द्या, मग सोनोग्राफी.

पोटरी किंवा कोपराखालचा हात ताठ, बोटं बधिर: आतल्या दाबाने नसा मरतात. इथे तासांची गणती असते.

लघवीतून लाल रक्त: भरपूर पाणी, विश्रांती, डॉक्टरांना फोन. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (झालेली गुठळी विरघळू न देणारं औषध) इथे नाही, मूत्रवाहिनीत गुठळी अडकते.

उलट तोंडातल्या रक्ताला हेच औषध छान काम करतं. दुधाचा दात पडला, ओठ फाटला, तर किलोमागे २५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन-चारदा. २० किलोला ५००ची एक गोळी. पाण्यात विरघळवून चूळ भरून गिळली तर अधिक बरं. डोस आणि किती दिवस ते डॉक्टरांकडून आधीच लिहून ठेवा. सोबत गार खिचडी, गार दूध, कुल्फी. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक बंद, ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल. कमरेत किंवा दंडात स्नायूत इंजेक्शन नको. लस मात्र चुकवायची नाही: बारीक सुईने, शक्य तेव्हा त्वचेखाली, आणि नंतर दहा मिनिटं दाबून.

फॅक्टर दिला पण फरक नाही

योग्य डोस, योग्य वेळी, तरी बारा तासांत दुखणं कमी नाही. आधी साध्या गोष्टी तपासा: मुदत, साठवण, औषध शिरेबाहेर तर गेलं नाही ना, वजन वाढलं का. हे सगळं ठीक असेल तर इनहिबिटरचा संशय घ्या. शरीर फॅक्टरलाच परका समजून त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. तीव्र हिमोफिलिया एमध्ये हे साधारण तीन-चारांतल्या एकाला होतं, बहुतेकांना पहिल्या पन्नास डोसांच्या आत. म्हणून त्या काळात वारंवार तपासणी. रिपोर्ट बेथेस्डा युनिटमध्ये येतो. पाचाखाली असेल तर डोस वाढवून भागू शकतं. पाच किंवा वर असेल तर आठचा फॅक्टर ओतत राहणं म्हणजे पाण्यात पैसे.

मग बायपास औषधं, म्हणजे कमी असलेल्या फॅक्टरला वगळून रक्त गोठवणारी. फायबा हाही प्लाझ्मापासूनच बनतो: किलोमागे ५० ते १०० युनिट, ८ ते १२ तासांनी, दिवसात किलोमागे २००च्या वर कधीच नाही. दुसरा पर्याय रिकॉम्बिनंट फॅक्टर सात-ए. मुलगा एमिसिझुमॅबवर (फॅक्टर ८ चं काम करणारं, त्वचेखाली टोचायचं औषध) असेल तर फायबापासून जपून. दोन्ही एकत्र जास्त प्रमाणात गेल्यावर रक्तवाहिन्यांत घातक गुठळ्या झाल्याचं आढळलं आहे. एमिसिझुमॅबवर एपीटीटी खोटा नॉर्मल येतो, हेही नव्या डॉक्टरांना तुम्हीच सांगायचं.

व्हॉन विलेब्रँड आणि इतर

इथे प्लाझ्माच्या फॅक्टरची खरी किंमत कळते. व्हॉन विलेब्रँडच्या तीव्र, म्हणजे तिसऱ्या प्रकारात व्हॉन विलेब्रँड फॅक्टरच नसतो, आणि रिकॉम्बिनंट फॅक्टर ८ मध्ये तो नसतो. प्लाझ्मापासून काढलेल्या काही फॅक्टर ८ मध्ये तो सोबत येतो. ‘काही’ हा शब्द महत्त्वाचा: जास्त शुद्ध केलेल्या व्हायलमधून तो निघून जातो. डब्यावर दोन आकडे आहेत का ते पाहा, एक फॅक्टर ८ चा आणि एक व्हॉन विलेब्रँडचा. एकच आकडा असेल तर ती व्हायल या आजारासाठी घेऊ नका. डोस दुसऱ्या आकड्यावर मोजायचा, मोठ्या रक्तस्रावाला किलोमागे ४० ते ६० युनिट. रोज देत राहिलं तर फॅक्टर ८ मात्र साचत जातो आणि गुठळीचा धोका वाढतो, म्हणून रुग्णालयात त्याची पातळी मोजत राहायची.

बाळाची नाळ पडल्यावर बेंबीतून रक्त थांबत नसेल तर फॅक्टर १३ तपासून घ्या. नेहमीच्या पीटी, एपीटीटी तपासण्यांत तो सापडत नाही. सापडला तर उपचार सोपा आहे. हा फॅक्टर शरीरात इतका टिकतो की साधारण चार आठवड्यांतून एक डोस पुरतो.